सावडीतलं माणूस

यंदा माझ्या शेताची लावणी वाडीनं करून दिली आणि मी ती पडवीत बसून पाहिली. आषाढ निम्मा सरला. दहा दिवस आभाळ उघडलेलं नाही. भिंत खालून हातभर ओली होऊन फुगली आहे, मिठाच्या मडक्याला पाणी सुटलंय, चुलीतलं लाकूड पेटायचं नाव घेत नाही, नुसतं धुमसतं. समोरच्या खाचरात पंधरा-सोळा पाठी वाकलेल्या होत्या. खाचर माझं, रोपं मी वाढवलेली, आणि मी इथं गोधडी पांघरून कोरडा. हाताला चिखल न लागता लावणी झाली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

पार्वती, माझी बायको, जेठात गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. ज्या घरातलं कर्तं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घराचं शेत वाडी सगळ्यांत आधी लावते आणि बदल्यात त्या घराकडून माणूस मागत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. रीत चांगली आहे. शहाण्या माणसांनी घालून दिलेली आहे. यंदा ती माझ्या वाट्याला आली एवढंच. सगळे म्हणाले, तू बस. मी बसलो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. गुडघे दुखतात, कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला वेळ घेते, आणि सरळ होऊन तरी काय करायचं हे हल्ली कळत नाही.

पण बसल्या बसल्या मला राहून राहून दुसरीच एक लावणी आठवत होती. सोळा-सतरा वर्षं झाली तिला. तेव्हाही एक माणूस असाच ओटीवर कोरडा बसून स्वतःच्या शेताची लावणी बघत होता. त्याला तिथं बसवणारा मी होतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठावर. घरं सतरा. शेतं म्हणजे डोंगराच्या पायथ्याला एकाखाली एक उतरत गेलेली खाचरं. काही तर इतकी लहान, की बैलाची जोडी आत वळली की शेत संपलं. रोपं तयार झाली की ती पंधरा-वीस दिवसांत लागायला हवीत, नाहीतर जून होतात. एकट्यादुकट्याच्या घराला ते जमत नाही. म्हणून सावड. आज तुझ्या शेतात सगळी वाडी, उद्या माझ्या. घरटी एक माणूस. जो माणूस देतो त्याच्याकडे माणसं येतात. कुणाचं शेत कधी लागायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी महाडला मामाकडे राहून सहा यत्ता शिकलो होतो, त्यामुळे याचं डोकं चालतं असा वाडीचा समज. आवाजही मोठा. रोज तिन्हीसांजेला मधल्या बांधावर उभा राहून मी हाळी द्यायचो, उद्या अमक्याचं खाचर, घरटी माणूस. मग एकेका घराचं नाव घ्यायचो, आणि नाव घेतलं की त्या घरातून ‘हो’ यायचा. पावसाच्या आवाजात ते सतरा ‘हो’ ऐकून घ्यायचे आणि मग घरी जाऊन पेज प्यायची. वीस-पंचवीस वर्षं मी हे केलं. माझंच शेत मागे का टाकलंस म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि दिल्याही.

भागोजी माझ्या बरोबरीचा. त्याच्याकडे एक बैल, माझ्याकडे एक. त्याचा मोऱ्या, माझा खैऱ्या; दोघांचं मिळून एक जोत. असं एका जोतात बांधलेलं नातं भावापेक्षा चिवट असतं, कारण भावाशी अबोला धरता येतो, जोतकऱ्याशी धरता येत नाही. आम्ही सकाळी भांडायचो आणि दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायचो. तो मला विठू म्हणे, मी त्याला भाग्या. लढाई लागली तसा भरतीवाला पोलादपूरच्या बाजारात येऊन बसला. भागोजी मीठ आणायला म्हणून गेला आणि अंगठा उठवून आला. मीठ विसरला ते विसरलाच. त्याची बायको सगुणा नुसती उंबऱ्यात बसून राहिली होती. मोऱ्या माझ्या गोठ्यात आला, आणि पुढं सात वर्षं मी बांधावरून भागोजीचं घर पुकारलं की सगुणाचा ‘हो’ यायचा. तिनं एक दिवस चुकवला नाही.

तो परतला तेव्हा बसरा, बगदाद आणि जिभेला न पेलणारी आणखी गावं करून हवालदार होऊन आला होता. मुंबईहून बोटीनं बाणकोट, तिथून खाडीनं दासगाव, पुढं पायी. आम्ही वाजंत्री घेऊन महाडपर्यंत सामोरे गेलो होतो. वैशाखातलं ऊन. पालापाचोळ्याचा राब भाजून काळी पडलेली शेतं दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्यामधून कडक इस्त्रीच्या कपड्यांतला हा माणूस ताठ चालत आला. गळ्यात चाफ्याचा हार पडला तरी मान जराही वाकली नाही. आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवताना तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. तो आम्हाला मोजत होता, हे मला फार नंतर समजलं.

वाडीला त्याचं काय करू आणि काय नको असं झालं. गावकीत पहिलं पान त्याला. देवळात पुढची जागा त्याला. वाडीत खुर्ची कुणाकडे नव्हती; मी महाडहून एक लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन आलो. साडेपाच-सहा कोस. मान आठवडाभर वळत नव्हती. ती खुर्ची त्याच्या ओटीवर ठेवली आणि तो तिच्यावर बसला की आम्ही खाली बसून त्याच्याकडे बघायचो. कुणी त्याला भाग्या म्हणेना. म्हाताऱ्या बायासुद्धा हवालदारसायब म्हणायला लागल्या. त्याला हाक मारताना माझी जीभ पहिल्यांदा अडखळली, मग मीही तेच म्हणू लागलो. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला.

पहाटे उठून तो घोंगडीची चौकोनी घडी घालायचा, कडा कडेला लावून. मग बूट पुसायचा. बूट घालून जायचं कुठं, तर विहिरीपर्यंत. भाकरी अशी भराभर खायचा की सगुणाला दुसरी थापायला वेळ मिळत नसे. कुणी मागून आलं की भिंतीला पाठ लावायचा. संध्याकाळी माणसं रानातून, शेतातून परतू लागली की खुर्चीवरून उठून अंगणाच्या टोकाला उभा राहायचा, शेवटचं माणूस घरात जाईपर्यंत. एकदा काशीआत्या लाकडं घेऊन उशिरा आली. तोवर हा अंगणात येरझारा घालून घामाघूम झालेला. आत्यानं विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, काही नाही, आणि आत गेला. आम्ही हसलो. पलटणीतली शिस्त, म्हणालो. माणूस हसण्यावारी नेलं की त्याचं दुखणं बघावं लागत नाही.

सगुणा एकदा माझ्याकडे आली होती. पार्वतीशी बोलायचं निमित्त काढून आली आणि माझ्याशी बोलली. “भावोजी, ह्यांना काय तरी काम सांगा,” म्हणाली. “दिसभर बसून असतात. मी काय विचारलं तर हो-नाय करतात. असं माणूस घरात बघायची मला भीती वाटते.” मी तिलाच समजावलं. अगो, म्हटलं, सात वर्षं राबून आलाय, घेऊ दे की आराम. पार्वती चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. सगुणा गेल्यावर ती म्हणाली, तिनं आराम मागितला नव्हता. मी नेहमीप्रमाणे तिच्यावर खेकसलो. आता वाटतं, तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण पार्वतीचं वेळेवर ऐकायची मला सवय नव्हती.

मग लावणी आली. गावकीत विषय निघाला की हवालदारसाहेबांच्या शेताचं काय करायचं. एकजण म्हणाला, त्यांचं शेत सगळ्यांत आधी लावू, तेवढाच मान. सगळ्यांना पटलं. दुसरा म्हणाला, आणि त्यांच्या घरचं माणूस नको मागायला. साहेबाला चिखलात उतरवणं बरं दिसत नाही, आणि सगुणानंही सात वर्षं पुष्कळ केलं. तेही पटलं. दोन वेगवेगळे मान दोन वेगवेगळ्या तोंडून आले आणि मी ते एकत्र बांधून टाकले. एकत्र बांधल्यावर काय होतं, हे सतरा घरांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच, आणि शिकलेला मी.

त्या दिवशी पाऊस असाच होता. न थांबणारा, कंटाळवाणा, एका लयीतला. आम्ही भागोजीच्या खाचरात उतरलो. मी खैऱ्या-मोऱ्याला घेऊन चिखलणी केली, मागून बाया रोपांच्या मुठी घेऊन रांगेत वाकल्या. गाणी चालली होती. वर ओटीवर तो खुर्चीत बसला होता. सगुणाला कुणी कामाला हात लावू दिला नव्हता, ती त्याच्या मागे दाराला टेकून उभी. मी मधूनच हात वर करून त्याला दाखवत होतो, बघा साहेब, कशी झकास चाललीय तुमची लावणी. तो हलला नाही. दुपारपर्यंत शेत हिरवं झालं. पाय धुऊन वर आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात बैलांचे खूर बघत होतो. चिखलात खूर कुजतात, रोज बघावे लागतात. तो आला. मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मोऱ्यानं त्याला ओळखलं की नाही, देव जाणे. कान तेवढे हलवले. पत्र्यावर नाही, गवताच्या छपरावर पडणारा पाऊस, त्याला आवाजही धड नसतो.

“विठू,” तो म्हणाला, “मी मेलोय काय रे?”

मला कळलंच नाही. मी म्हटलं, साहेब, असं काय बोलता अभद्र?

“पयलं शेत माझं लावलंत. माझ्या घरचं माणूस मागितलं नाय. आपल्या वाडीत हे कोनासाठी करतात?”

माझ्या हातातला खूर सुटला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. आई शप्पथ, मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. ज्या रीतीनं आम्ही मेलेल्यांच्या घराला आधार देतो, तीच रीत आम्ही मान म्हणून जित्या माणसाच्या गळ्यात घातली होती, वर वाजतगाजत. आणि तो सात वर्षं जिथं होता तिथं मरणच बघत होता. तिथून कसाबसा सुटून घरी आला, तर घरच्यांनीच त्याची लावणी उरकली.

तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. तो शांतपणे सांगत होता, की पलटणीतला एक सोबती मुंबईत गिरणीच्या फाटकावर दरवान आहे, त्यानं बोलावलंय. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून परवा पहाटे घाट चढून महाबळेश्वरवरून वाठारला जाणार, तिथून आगगाडी. ट्रंक भरलेली आहे. सगुणा इथं राहील. बसून खायचं तर इथं काय आणि फाटकावर काय, म्हणाला. तिथं निदान उभं तरी राहायला मिळेल. एवढं बोलून तो गेला. मोऱ्याच्या पाठीवर त्याच्या हाताचा ओला ठसा तेवढा राहिला, आणि तोही थोड्या वेळानं वाळला.

पार्वतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, चूक बांधावरून केलीत, तर बांधावरूनच निस्तरा. घरात बसून मला काय सांगता. ह्या बाईनं आयुष्यभर मला अशीच उत्तरं दिली.

संध्याकाळी बांधावर गेलो. उद्या माझं खाचर, म्हटलं, घरटी माणूस. एकेक घर घेत गेलो, एकेक ‘हो’ येत गेला. भागोजीचं घर आलं. मी श्वास घेतला आणि जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, “भाग्या, तुझ्या घरचं माणूस. बाईला धाडू नको, तू ये.” पाऊस तेवढा पडत होता. त्या घरातून ‘हो’ आला नाही. मी थांबलो. पुन्हा ओरडायची हिंमत नव्हती. उरलेली घरं घेतली आणि खाली उतरलो, तर गावकीतले दोन म्हातारे वाटेत उभेच. काय ही भाषा, हवालदाराला भाग्या म्हणतोस, चिखलात ओढतोस, लाज नाही का. बरंच काही ऐकवलं. मी ऐकून घेतलं. त्यांना समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

सकाळी तो आला. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, अनवाणी, पाय बुटांत राहून पांढरेफटक. घोंगडी त्यानं ट्रंकेत भरली होती, म्हणून पाठीवर सगुणाचं पानांचं इरलं. बायका तोंडात पदर धरून उभ्या राहिल्या. बाईच्या इरल्यातला हवालदार कुणी कधी पाहिला नव्हता. तो कुणाकडेही न बघता खाचरात उतरला, रोपांची मूठ सोडली आणि वाकला. आणि काय सांगू, त्याला लावणी येईना. सात वर्षांत हात विसरले होते. एकेक रोप मोजून मापून, दोरी लावल्यासारखं सरळ रोवायचा. लावणी मागं सरत करायची; बाकीची रांग चार हात मागे सरली तरी हा तिथंच. मग मागे वळून इतरांच्या वेड्यावाकड्या ओळी बघून त्याला राहवेना. हिंदुस्थानीत हुकूम द्यायला लागला, सीधा करो, लाइन में. सगळे गोंधळले. हसावं की ऐकावं, कळेना.

काशीआत्या सत्तरीची. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, चिखलाचा एक गोळा उचलला आणि नेम धरून त्याच्या छातीवर मारला. “भाग्या मेल्या,” म्हणाली, “भात हाय तां, पलटण नाय. ढोपरातनं वाक.”

त्यानं छातीवरचा चिखल बघितला. मला वाटलं, आता हा बाहेर पडतो आणि थेट घाट चढतो. त्यानं हातानं चिखल निपटला, तो हात आत्याच्या पाठीला पुसला आणि ढोपरातून वाकला. मग कुठं बाया हसल्या. मी वळून बैलांना हाकायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

इथं थांबता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं होत नाही. दोन दिवसांत त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, पाय सुजले. सगुणा मेंदीचा पाला वाटून लावायची. परवाची पहाट टळली, पण ट्रंक दाराशी भरलेलीच राहिली. ती लावणी संपेपर्यंत तो किती वेळा अर्ध्यातून उठून गेला, मी सांगू शकत नाही. जोत धरलेलं असताना अचानक थांबायचा, नांगराचं रुमणं सोडून नदीवर जायचा आणि खडकावर पाण्याकडे पाठ करून बसायचा. मग त्याचं काम मी ओढायचो. ओढता ओढता त्याला शिव्या घालायचो, अगदी त्याला ऐकू जातील अशा. एवढं मात्र मी पाळलं: तो आला नाही तर शिवी दिली, पण संध्याकाळी त्याचं नाव गाळलं नाही. कधी ‘हो’ यायचा, कधी नाही. नाही आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव. कंटाळा यायचा. मी काही संत नव्हे. एका जित्या माणसाला रोज हाका मारत राहायचं आणि त्यानं ओ द्यावी म्हणून वाट बघायची, यानं हाडं थकतात, तेवढी चिखलणीनंही थकत नाहीत.

एका दुपारी बांधावर भाकरी खाताना त्यानं मला आपण होऊन सांगितलं. पलटणीत त्याच्याकडे खेचरं आणि ती हाकणारी माणसं होती. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की मोजायचं काम त्याचं. खेचरं किती, माणसं किती, आणि मोजून झालं की वरच्या साहेबाला सांगायचं. “पयल्यांदा मोजायला येळ लागायचा,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी येळच लागेना.” मग त्यानं कांदा फोडला आणि अर्धा माझ्यापुढं केला. मी तो खाल्ला.

ती ट्रंक पुढच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत दाराशी होती. मग कधीतरी आत गेली. तीन-चार वर्षांनी बघतो तर सगुणानं तिच्यात नाचणीचं बियाणं भरलेलं. उंदीर शिरत नाहीत, म्हणाली, चांगली ट्रंक आहे. तेव्हा मी मनातल्या मनात हुश्श केलं. खुर्चीचा एक पाय मोडला, तिच्यावर कोंबड्या बसतात.

दुसऱ्या वाड्यांतलेही परत आले होते. त्यांनाही हार पडले, पानं मिळाली, पुढच्या जागा मिळाल्या. एक दारूत गेला. एक कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही. एक पोलादपूरच्या देवळाच्या पायरीवर भर उन्हाळ्यात गरम कोट घालून बसलेला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. लोकही हसून सलाम करायचे. त्यांना कुणी वाईट वागवलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडचे लोक वाईट नाहीत. फक्त मान दिला की आपलं काम संपलं, असं आम्हाला वाटतं. आता बाजारात पुन्हा लढाईच्या गोष्टी कानावर येतात. घाटातून महाबळेश्वरची मोटार जाते, वर्तमानपत्रं येतात, पोरं घोळका करून वाचतात. मी वाचत नाही. मला त्याचा शीण येतो.

तर यंदाचं सांगत होतो. मागल्या वर्षापासून बांधावरून हाळी द्यायचं काम दुसऱ्या एकाकडे दिलंय, माझा आवाज पूर्वीसारखा पोचत नाही. माझं शेत लागलं त्या संध्याकाळी त्यानं घरं पुकारली. माझ्या घराच्या जागी जरासा थांबला आणि पुढचं घर घेतलं. त्याचं चुकलं नाही. रीतच तशी. दुसऱ्या दिवशीही तो तसाच थांबला, तसाच पुढं गेला. तेव्हा मला कळलं की आपलं नाव न ऐकणं कसं असतं. आवाज येत असतो, सगळी वाडी ‘हो’ म्हणत असते, आणि आपण भिंतीला टेकून बसलेलो असतो, घरातल्या इतर सामानाबरोबर. पार्वती असती तर म्हणाली असती, बरी जिरली. पण आत चुलीपाशी कुणी नव्हतं, आणि मला उठून दिवा लावायचाही कंटाळा आला होता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, माणसं शेतातून परतत होती. समोरच्या अंगणाच्या टोकाला भागोजी उभा होता, नेहमीसारखा. आता पन्नाशी उलटलीय, पायही ओढतो, पण ते उभं राहणं काही सुटलं नाही. शेवटची बाई घरात गेली. तो आत जाईल असं वाटलं. तो आत गेला नाही. चिखलातून पाय ओढत माझ्या अंगणात आला आणि ओटीवर न चढता पावसातच उभा राहिला.

“विठू, तीन दिस झालं मोजतोय,” तो म्हणाला. “एक माणूस कमी भरतंय.”

मी म्हटलं, अरे, वाडीनं मला सोडलंय यंदा.

“मला पन सोडलं व्हतं.” त्यानं डोळ्यांवरून पाण्याची धार निपटली. “उद्या माझं खाचर हाय. ये. नाय आलास तर शिव्या घालीन.”

तो गेला. मी तिथंच बसून राहिलो. दिवेलागण झाली, आज दिवा लावलाच पाहिजे असं वाटलं, म्हणून लावला. उद्या पांघरायला घोंगडी शोधली. सगळं घर धुंडाळलं. उन्हाळ्यात धुऊन, वाळवून ती कुठं ठेवायची हे पार्वतीला ठाऊक. मला कधी विचारायची वेळच आली नव्हती. शेवटी आढ्याकडे बघितलं. तिचं इरलं तिथं टांगलेलं होतं, गेल्या लावणीचा चिखल अजून कडेला वाळून बसलेला. मी ते खाली काढलं आणि दाराशी ठेवलं.